चिपचा कारखाना तळोज्यात, कारागीर कोठे?

सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्र शासनाने पनवेलनजीक तळोजे येथे अर्धसंवाहक चिप तयार करण्याच्या एका प्रचंड प्रकल्पास मान्यता दिल्याचे जाहीर केले. अदानी समूह आणि इस्रायलमधील टॉवर सेमीकंडक्टर ही कंपनी यांचा तो संयुक्त संकल्प होता. भांडवली खर्चाचा आकडा ८३,९४७ कोटी रुपये. त्यांपैकी ५८,७६३ कोटी पहिल्या टप्प्यात. कळंबोली ओलांडली की तळोज्याची औद्योगिक वसाहत येते आणि कळंबोलीच्या अलीकडे कामोठे. या वार्तेने कामोठ्यात सर्वांत आधी काय हलले असेल, तर ते सदनिकांच्या किमतींचे अंदाज. हे स्वाभाविकच होय. पुढे २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत समूहाने टॉवरबरोबरची बोलणी थांबविल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि ते अंदाज पुन्हा आपल्या जागी येऊन बसले.

या विषयात महाराष्ट्राला हुलकावणी नवी नाही. २०२२ मध्ये वेदान्त आणि फॉक्सकॉन यांनी तळेगाव सोडून गुजरातची निवड केली, तेव्हा राज्यात केवढा गदारोळ उठला होता! पुढे २०२३ च्या जुलैत फॉक्सकॉनने त्या भागीदारीतूनच अंग काढून घेतले, ही गोष्ट मात्र फारशी कोणी मनावर घेतली नाही. कारखाना कोणी पळविला आणि कोणी राखला, एवढ्यापुरतीच आपली चर्चा चालते. त्या कारखान्यात जे तयार होणार ते हातात घेऊन काही करू शकेल असा मनुष्य आपल्या आसपास आहे काय, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारल्याचे प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही. वस्तुतः तोच प्रश्न अधिक निकडीचा आहे. तळोज्याच्या प्रकल्पातून सुमारे पाच हजार जणांना रोजगार मिळेल असे सांगण्यात आले होते. भागाकार केला तर एका नोकरीमागे सोळा कोटींहून अधिक भांडवल पडते. चिपचा कारखाना ही हातांना काम देणारी वस्तू नव्हेच. काम निर्माण होते ते तयार चिप घेऊन तिच्याभोवती उपयोगी यंत्र रचणाऱ्यांमुळे.

आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. टॉवर ही कंपनी संगणकाचा मेंदू म्हणता येईल अशी अतिसूक्ष्म चिप बनविण्यासाठी प्रसिद्ध नाही. तिचा लौकिक आहे तो ‘ॲनालॉग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चिपसाठी: बॅटरीतील दाब नियमित ठेवणारी, तपमान किंवा प्रकाश मोजणाऱ्या संवेदकाचा क्षीण संकेत वाढविणारी, मोटरीला प्रवाह पुरविणारी. या सामान्य घरकामकरी जातीच्या चिप आहेत. त्यांची दोन-चार भावंडे आजही कामोठ्यातील प्रत्येक घरात, मोबाइलच्या चार्जरात, एलईडीच्या दिव्यात, दूरचित्रवाणीच्या रिमोटात मुकाट्याने राबत असतात. ती बिघडली की आपण काय करतो? अख्खी वस्तू फेकून देतो.

गेल्या उन्हाळ्यातील एक प्रसंग सांगतो. आमच्या इमारतीच्या गच्चीवरील टाकी एका पहाटे दीड-दोन तास वाहत राहिली. कामोठ्यात पाण्याचे मोल काय आहे हे येथे राहणाऱ्यास सांगावयास नको. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारी एक पेटी जिन्याच्या माथ्यावर पत्र्याच्या कपाटात बसविलेली होती. तिने दगा दिला. ज्यांनी ती बसविली होती त्यांच्याकडून निरोप आला की, हे जुने मॉडेल आता दुरुस्त होत नाही, नवी पेटी घ्यावी लागेल. किंमत काही हजारांत होती. कार्यकारिणीची बैठक बोलाविण्याचे ठरत असतानाच तळमजल्यावर राहणारे एक निवृत्त तंत्रज्ञ, ज्यांची सारी नोकरी दूरध्वनी केंद्रात गेली, ते हातात पाना आणि मल्टिमीटर घेऊन जिना चढून आले. पेटी उघडून त्यांनी जेमतेम मिनिटभर पाहिले आणि एका नळकांडीवजा भागाकडे बोट दाखविले. त्याचा माथा फुगून घुमटासारखा झाला होता. बॅटरी धरून उभा असलेला आमचा एक तरुण शेजारी इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर आहे. त्याने प्रांजळपणे कबूल केले की, असा फुगलेला कंडेन्सर तो आयुष्यात प्रथमच पाहत होता. त्याची चेष्टा करण्यासाठी हे लिहीत नाही. तो मुलगा हुशार आहे, परीक्षेत त्याला उत्तम गुण होते, धारित्राची समीकरणे त्याला आजही मुखोद्गत आहेत. चार वर्षांत कोणी त्याला जळका भाग दाखविला नाही, एवढेच.

या पेटीच्या पोटात शिरून पाहणे बोधप्रद ठरेल, कारण कमी दाबाच्या विद्युत्‌मंडलांचे जवळजवळ सारे शास्त्र तिच्यात सामावलेले आहे. पंप चालतो तो २३० किंवा त्याहून अधिक व्होल्टांवर. पण टाकीतील पाण्याला हा दाब लावणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. म्हणून एक लहानसा ट्रान्सफॉर्मर तो दाब १२ व्होल्टांपर्यंत उतरवितो. चार डायोड त्या प्रत्यावर्ती प्रवाहाला एका दिशेस लावतात. कंडेन्सर त्यातील लाटा शमवून सपाट करतो. मग तीन पायांचा ७८०५ हा आयसी, म्हणजे एकात्मिक मंडल, १२ व्होल्टांतून नेमके ५ व्होल्ट काढून देतो. या ५ व्होल्टांवर एक लहान नियंत्रक आयसी टाकीत सोडलेल्या तीन पोलादी कांड्यांकडे लक्ष ठेवतो. पाणी खालच्या कांडीखाली गेले की पंप सुरू, वरच्या कांडीला टेकले की बंद. नियंत्रकाच्या हातात बळ फार थोडे. तो एका ट्रान्झिस्टरला खूण करतो, ट्रान्झिस्टर रिलेला ओढतो, रिले मोठ्या स्विचाला आणि तो स्विच पंपाला. दिवाणखान्यातील कुजबूज पायरीपायरीने चढत जाऊन शेवटी दरवानाची आरोळी व्हावी, तसा हा व्यवहार आहे.

ही रचना कागदावर काढणे दहावीच्या विद्यार्थ्यालाही जमेल. ती पाच वर्षे चालणे ही गोष्ट निराळी. पाण्यात बुडालेल्या दोन कांड्यांमधून सतत एकाच दिशेने प्रवाह सोडला तर विद्युत्‌विघटन सुरू होते. एक कांडी झिजत जाते, दुसरीवर क्षारांचे पूट चढते आणि काही महिन्यांत यंत्र आंधळे होते. म्हणून जाणता रचनाकार कांड्यांना क्षणभराचे स्पंद देतो आणि प्रत्येक वेळी दिशा उलटवितो. रिलेच्या वेटोळ्यातील प्रवाह अचानक तोडला की ते वेटोळे दाबाची उलटी उसळी मारते. १२ व्होल्टांच्या रिलेतून शंभराहून अधिक व्होल्टांची लाट येऊन बिचारा ट्रान्झिस्टर मरतो. त्याला वाचविण्यासाठी वेटोळ्यावर उलटा बसविलेला रुपया-दोन रुपयांचा एक डायोड पुरेसा असतो. आयसीच्या अगदी पायाशी एक चिमुकला सिरॅमिक कंडेन्सर हवा. तो नसेल तर पंप सुरू होण्याच्या धक्क्याने ५ व्होल्टांचा दाब निमिषभर डगमगतो आणि नियंत्रक भांबावून पुन्हा पहिल्यापासून गणती करू लागतो. मालकास वाटते, यंत्र लहरी आहे. यंत्र लहरी नसते. चार आण्यांची काटकसर कोणीतरी केलेली असते.

आमच्या पेटीतील कंडेन्सर का फुगला, याचेही उत्तर त्याच्याच अंगावर छापलेले होते. त्यावर ८५ अंश असे लिहिले होते. अशा भागाचे आयुष्य त्या कमाल तपमानास उदाहरणार्थ २,००० तास गृहीत धरतात, आणि ठोकताळा असा की, तपमान दर दहा अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते. गच्चीवरील पत्र्याच्या कपाटात, उन्हाची धग आणि ट्रान्सफॉर्मरची ऊब मिळून, आत ५५ अंश धरू. तीस अंश कमी म्हणजे तीनदा दुप्पट, म्हणजे १६,००० तास. अहोरात्र चालणाऱ्या यंत्रात ही दोन वर्षेही भरत नाहीत. तेथे १०५ अंशांचा, तितक्याच तासांचा कंडेन्सर लावला असता तर पाचदा दुप्पट, ६४,००० तास, म्हणजे सात वर्षांहून अधिक. दोहोंच्या किमतीत फरक एखाद-दुसऱ्या रुपयाचा! कंडेन्सर सुकत गेला, तसा रिले ओढला जाताच दाब कोसळू लागला. रिले टकटकत राहिला, त्या टकटकीत ठिणग्या पडून मोठ्या स्विचाचे स्पर्शक एकमेकांस चिकटले आणि मग पंप थांबेना. आमच्या तंत्रज्ञांनी १०५ अंशांचा नवा कंडेन्सर आणि नवा स्विच बसविला. पेटी आजतागायत चालू आहे.

येथे कोणी विचारील की, दाब कमीच ठेवण्याचा हा अट्टाहास कशासाठी? सुरक्षितता हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर अधिक खोल आहे आणि गेल्या पन्नास वर्षांच्या इलेक्ट्रॉनिक्सचा इतिहास त्यावर उभा आहे. आकडेमोड करणाऱ्या आयसीत लक्षावधी सूक्ष्म धारित्रे अखंड भरत आणि रिती होत असतात, आणि त्यात खर्च होणारी शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ५ व्होल्टांऐवजी ३.३ व्होल्ट केले तर दाब एक-तृतीयांशाने उतरतो, पण खर्च निम्म्याहूनही खाली येतो. १.२ व्होल्टांवर आणले तर मूळच्या शंभर भागांतले जेमतेम सहा भाग उरतात. आपल्या खिशातील मोबाइल हाताला चटका देत नाही आणि दिवसभर पुरतो, त्यामागचे मुख्य रहस्य हे आहे.

परंतु दाब उतरविताना जुनी विद्या जशीच्या तशी पुरत नाही. ७८०५ हा आयसी साधा आणि सोशिक खरा, पण ५ व्होल्ट देण्यासाठी त्याला सात-साडेसात व्होल्ट हवेत, आणि १२ व्होल्ट दिले तर जास्तीचे सात व्होल्ट तो निव्वळ उष्णतेत उडवितो. शंभर रुपयांतील अठ्ठावन्न वाटेतच सांडणारा हा हमाल भिंतीतल्या विजेवर परवडतो, बॅटरीवर मुळीच नाही. तेथे दुसऱ्या जातीचे नियामक लागतात. काहींना वरचा दाब अगदी थोडा जास्त असला तरी चालते; काही वेटोळ्यात ऊर्जा साठवून ती सेकंदाला लाखो वेळा ओंजळीओंजळीने पुढे देतात. वेटोळ्याच्या या युक्तीने दीड व्होल्टाच्या एकाच सेलवर तीन व्होल्ट मागणारा पांढरा एलईडी पेटविता येतो. रिलेच्या बाबतीत जी उसळी शत्रू होती, तीच येथे कामाला जुंपलेली असते!

काटकसर कुठवर जावी लागते याचा एक हिशेब पाहा. रुपयाच्या नाण्याएवढ्या २०३२ क्रमांकाच्या बटणसेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. यंत्र एक मिलिअँपिअर प्रवाह पीत असेल तर तो सेल नऊ दिवसांत संपेल. दहा मायक्रोअँपिअर पीत असेल तर अडीच वर्षे पुरेल. या दोन आकड्यांमधले अंतर महाग भाग आणून तुटत नाही. आयसीला काम नसताना झोपविणे, न वापरलेले पाय लोंबकळत न ठेवणे, योग्य रोधक निवडणे, या शहाणपणाने ते तुटते.

आता आपल्या शिक्षणाकडे वळू. सिग्नेटिक्स या कंपनीसाठी हान्स कामेनझिंड यांनी रचलेला ५५५ हा कालमापक आयसी १९७२ पासून बाजारात आहे. ७४१ हा प्रवर्धक फेअरचाइल्डने १९६८ मध्ये आणला. दोन्ही थोर आहेत, अजून विकले जातात, आणि त्यांवर पाया घालण्यात गैर काही नाही. पण त्यांच्यापाशीच थांबावे काय? मूळचा ५५५ साडेचार व्होल्टांखाली चालण्याची हमी देत नाही आणि ७४१ ला तर अधिक-उणे पंधरा व्होल्टांची सवय. दोन पेन्सिल सेलांवर, म्हणजे तीन व्होल्टांवर, विद्यार्थ्याने ते बसविले की ते मौन पाळतात. ५५५ चीच दोन व्होल्टांवर चालणारी सीमॉस आवृत्ती आज चाळीस वर्षांहून अधिक काळ मिळते, ही साधी माहितीही पुष्कळांना नसते. ५ व्होल्टांचा संकेत ३.३ व्होल्टांच्या आयसीला थेट जोडून तो जाळणे हा आजच्या विद्यार्थ्याचा ठरलेला पहिला अपघात. दहा आणि वीस किलोओहमचे दोन रोधक मध्ये घातले असते तर पलीकडे बरोबर ३.३३ व्होल्ट पोचले असते. हा अपघात निदान घडतो तरी, एवढेच समाधान. कारण बरेच विद्यार्थी शेवटच्या वर्षाचा ‘प्रकल्प’ तयार विकत आणतात, हे गुपित आता गुपित राहिलेले नाही. प्रकल्प चालतो, वहीत नोंद होते, गुण मिळतात. त्यातील एखादी तार सुटली तर कोठली, हे मात्र विक्रेत्यासच ठाऊक.

विद्यार्थ्यांनाच दोष देणे अन्यायाचे होईल. कामोठ्यात वैद्यकीय महाविद्यालय आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शाळा तर गल्लोगल्ली. पण एखाद्या मुलीला शुक्रवारी संध्याकाळी चाळीस रुपयांचा आयसी हवा असेल तर? घरपोच मागवावा तर पाठवणीचा खर्च मूळ किमतीहून अधिक आणि वाट पाहणे तीन-चार दिवसांचे. नाहीतर मानसरोवर स्थानकावर हार्बर गाडी धरावी, कुर्ल्याला बदलावी, दादरला पुन्हा बदलावी आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठावा. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव त्या रस्त्याला होते; त्याचे अधिकृत नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण सोल्डरचा वास ओळखणारी मंडळी जुनेच नाव घेतात. तेथील अरुंद दुकानांत पोचलेल्या मुलाला आणखी एक शिक्षण मिळते. काउंटरपलीकडचा माणूस ‘कितवा व्होल्ट, किती अँपिअर, कोणता पॅकेज’ असे तीन प्रश्न एका दमात विचारतो आणि आपल्याला काय हवे आहे हे आपल्यालाच ठाऊक नव्हते, असा साक्षात्कार होतो. जगभरच्या बाजारात जुन्या आयसीवरील अक्षरे घासून नवे नाव छापलेला मालही फिरत असतो. तो ओळखण्याची नजरही अशा खेपांतूनच येते. पण जाण्यायेण्यात अर्धा दिवस मोडून ही नजर कमविण्याची ऐपत किती जणांची?

याच प्रवासात वाशीचा खाडीपूल ओलांडताना डाव्या हाताला ट्रॉम्ब्याचे डोंगर दिसतात. गाडीतील गर्दीत ते पाहण्याची उसंत क्वचितच मिळते, पण या विषयाचा एक जुना धडा तेथे आहे. १९५६ मध्ये ‘अप्सरा’ ही अणुभट्टी तेथे सुरू झाली. तिचे इंधन परदेशातून आले होते. नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मात्र ए. एस. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथेच सिद्ध केली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये रीतसर कार्यान्वित झाला. डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली १९६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्ससाठी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६६ मध्ये आला, तेव्हा भाभा हयात नव्हते. ट्रॉम्ब्याच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातूनच १९६७ मध्ये हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन उभी राहिली. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी माणसांनी हाताने यंत्रे केली, ती करताना माणसे तयार झाली, आणि कारखाना त्या माणसांमागून आला.

उलट क्रमाचे उदाहरणही आपल्याच देशात आहे. मोहालीचे सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स १९८४ च्या सुमारास उत्पादन करू लागले, ते पुष्कळ धाडसाने. १९८९ च्या आगीत ते होरपळले आणि ती मोक्याची वर्षे हातची गेली. दैव तर आड आलेच. परंतु त्या कारखान्याच्या चिप मागणारा, त्यांवर यंत्रे रचणारा उद्योग देशात मुबलक असता तर राखेतून उठण्याची घाई सर्वांनाच झाली असती. त्याच मोहालीत, १८० नॅनोमीटरच्या तंत्राने, मुंबई आयआयटीचे प्राध्यापक माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेला ‘अजित’ हा सूक्ष्मप्रक्रियक घडविण्यात आला आणि २०१९ मध्ये तो लोकांसमोर आला. वेगाच्या शर्यतीत तो उतरणार नाही, आणि उतरावयास नकोच. पंप, मापक, नियंत्रक यांना त्या शर्यतीचे कामच काय?

चिप परकी असली तरी रचना आपली असू शकते, आणि तेवढ्यानेही केवढा पल्ला गाठता येतो, याचे उदाहरण आपल्या डोक्यावर फिरत आहे. मुंबई आयआयटीतून बाहेर पडलेल्या मनोज मीना आणि सिबब्रत दास या दोघांनी २०१२ मध्ये ॲटमबर्ग ही कंपनी सुरू केली आणि पुढे कमी विजेवर चालणारा छताचा पंखा बाजारात आणला. साधा पंखा पंचाहत्तर वॅटच्या आसपास वीज घेतो, हा अठ्ठावीस वॅट. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे वर्षाला दोनशे युनिट वाचतात. यात मोटरीचे लोहचुंबक आहेतच, पण किमया आहे ती पंख्याच्या घुमटात दडलेल्या छोट्या कार्डाची. भिंतीतील वीज एकदिश करून, पाती कोठे आहे त्याचा अदमास घेत, वेटोळ्यांना बरोबर क्रमाने प्रवाह देणारे हे मंडल कोणा कारखानदाराने तयार देऊ केले नव्हते. ते बसून रचावे लागले. (भिंतीवरचा रेग्युलेटर जाऊन रिमोट आला, ही मात्र आमच्या घरच्या ज्येष्ठांची तक्रार आहे. मध्यरात्री पंखा कमी करण्यासाठी रिमोट शोधण्यात जी झोप जाते तिचा हिशेब युनिटांत होत नाही!)

मग कामोठ्यात काय करता येईल? भव्य काहीही नको. कामोठे हे २०१६ च्या १ ऑक्टोबरला स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत येते. तिच्या एखाद्या वाचनालयात किंवा समाजमंदिरात एक खोली मिळावी. तीत दोन लांब टेबले, चार सोल्डरिंगच्या इस्त्र्या, दोन मल्टिमीटर, दाब हवा तसा बदलता येणारा एक पुरवठासंच, एक साधा ऑसिलोस्कोप. हे सारे मिळून एका दुचाकीच्या किमतीत होईल. भिंतीशी लहान खणांचे एक कपाट: रोधक, कंडेन्सर, डायोड, ट्रान्झिस्टर, ३.३ आणि ५ व्होल्टांचे नियामक, रोजचे पन्नासएक आयसी. खरेदीच्या भावात, सुटे. केंद्र सरकारने २०१६ पासून शाळांतून अटल प्रयोगशाळांची योजना चालविली आहे आणि ती चांगली आहे. पण तिचा लाभ त्या त्या शाळेच्या मुलांना, शाळेच्या वेळेत, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते गुरुजी रजेवर नसतील तर. येथे ती अट नको. संध्याकाळी सहा ते नऊ, रविवारी सकाळी, कोणीही यावे.

शिकवावयास कोण? या वसाहतीत निवृत्त तंत्रज्ञांची वाण नाही. दूरध्वनी, रेल्वेचे सिग्नल, ट्रॉम्बे, तळोज्याचे आणि तुर्भ्याचे कारखाने यांत उमेदीची वर्षे घालवून सिडकोच्या किंवा खासगी सदनिकांत स्थिरावलेली ही माणसे सकाळी फिरावयास जातात आणि दुपारी वर्तमानपत्र वाचतात. त्यांच्या बोटांत जे आहे ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. आणखी दहा वर्षांनी ते कोठेच असणार नाही. त्यांना मानधन देऊ नये असे नाही, अवश्य द्यावे. पण त्यांना बोलाविले जाणे हेच त्यांतील बहुतेकांना अधिक मोलाचे वाटेल, असा आमच्या तळमजल्यावरील गृहस्थांवरून अंदाज करावासा वाटतो. त्या सकाळनंतर ते दोनदा आपणहून गच्चीवर जाऊन पेटी पाहून आले आहेत.

भाषेचाही थोडा विचार करावा लागेल. आयसीची माहितीपत्रके इंग्रजीत असतात आणि राहतील. ती वाचता येणे अपरिहार्य आहे. पण ‘कमाल मर्यादा’ आणि ‘चालविण्याची शिफारस केलेली मर्यादा’ या दोन तक्त्यांतील फरक, पहिल्यात लिहिलेल्या दाबावर आयसी फक्त जिवंत राहतो, चालतो तो दुसऱ्यात, हे मराठीतून दहा मिनिटांत समजाविता येते आणि जन्मभर लक्षात राहते. त्यासाठी नवे शब्द घडविण्याची गरज नाही. दुकानातला मनुष्य कपॅसिटरला कंडेन्सर म्हणतो आणि रेझिस्टरला रेझिस्टन्स. मुलांनीही खुशाल म्हणावे. धारित्र आणि रोधक परीक्षेत लिहावेत.

पहिले काम म्हणून त्या टेबलावर गच्च्यांवरच्या बिघडलेल्या पेट्या, बंद पडलेले एलईडी दिवे आणि मुके झालेले चार्जर आणावेत. एकेक इमारत पिंजली तरी पोतेभर निघतील. मात्र भिंतीच्या विजेला थेट जोडलेले मंडल उघडताना जाणता माणूस शेजारी असलाच पाहिजे, हा नियम कडक हवा. बाकी सारे १२ व्होल्टांखाली चालावे, म्हणजे चुका करण्याची मोकळीक राहील. आणि सहा महिन्यांनी महापालिकेच्या लेखापरीक्षकाने येऊन किती भाग शिल्लक आहेत एवढेच मोजू नये. किती जळाले तेही विचारावे, आणि आकडा शून्य निघाला तर खोलीचे कुलूप कोणाकडे असते याची चौकशी करावी.